कोनाड्यातल्या मातेचे अश्रू

चॅपेलच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. बाहेर बोचरी थंडी, आत नुसती भट्टी. सगळं गाव त्या एवढ्याशा दगडी खोलीत कोंबलेलं, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, दारं-खिडक्या बंद. मी पदराने काचा पुसेपर्यंत पुढून एक हुंदका आला आणि कुजबुज मागे पसरली, "आलं, पाणी आलं."

वेदीच्या उजवीकडे भिंतीत कोनाडा आहे. त्यात मरीयामातेची गुळगुळीत रंगवलेली मूर्ती. तिच्या गालावरून खरोखरच थेंब ओघळत होता.

"बघा लेकरांनो," ब्रदर म्हणाले. हे ब्रदर कुठल्या मठाचे, त्यांना कुणी पाठवलं, हे कुणी विचारलं नव्हतं. पांढरा झगा आणि मधाळ आवाज एवढ्यावर भागलं होतं. "आईच्या डोळ्यांत पाणी आहे, तुमच्या डोळ्यांत का नाही? ते मागचं दार लावा आधी. दार उघडं राहिलं की कृपा बाहेर जाते."

कृपेला भिंती अडवतात हे मला नवीनच होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, अशा वेळी माझी जीभ वळवळते. पण तेवढ्यात त्यांनी माझ्या वहिनीला पुढे बोलावलं.

"ही बाई सासूला एकटी टाकून घराबाहेर गेली. म्हातारी न्हाणीघरात पडली, हाका मारत गेली. आई कुणासाठी रडते, हे आता मी सांगायला हवं का?"

ती म्हातारी म्हणजे माझी नुकतीच वारलेली आई. वहिनी शिवलेले कपडे गिऱ्हाइकाकडे पोचवायला गेली होती, दादा त्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये होता, आणि मी तर दुसऱ्या गावी. आम्हा सगळ्यांना हेच माहीत होतं. वहिनी मूर्तीसमोर गुडघे टेकून बसली. मनात मीही तिला दोष दिला होता. फक्त झगा घालून दिला नव्हता, एवढंच.

घरी आल्यावर ती एकामागून एक पाण्याचे पेले रिचवत होती. फ्रिज उघडला तर इन्सुलिनची बाटली जशीच्या तशी.

"वहिनी, सुई?"

"बंद केली. ब्रदर म्हणाले, मरीयामाता रडायची थांबली की क्षमा झाली समजायचं. तोवर सुई नाही, जेवण नाही."

"तोवर तू राहशील का?"

"नाही राहिले तर तेही बरोबरच आहे, ताई."

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत सुई घेतली नाही तर उचलून आणा, मला विचारत बसू नका. पण वहिनीला उचलून नेलं तरी परत आल्यावर ती पुन्हा बाटली बंदच ठेवणार, हे मला दिसत होतं.

सकाळी मी दादाला घेऊन चॅपेलमध्ये गेले. पणजोबांच्या पिढीने नदीतले दगड वाहून ते उभं केलं. मनोऱ्याची ऐपत नव्हती, म्हणून घंटा अजूनही बाहेर लाकडी चौकटीत टांगलेली आहे. कोनाडा नंतर कोरला, त्यामुळे तिथे भिंत पातळ राहिली आणि पलीकडून उत्तरेचा वारा थेट तिच्यावर आदळतो. मूर्तीच्या पाठीला हात लावला तर बर्फ. आजीच्या लग्नापासून ही मूर्ती इथे आहे आणि या हिवाळ्याआधी ती कधी रडली नव्हती.

"दादा, यंदा इथे काय बदललं?"

"काही नाही."

मी वर पाहिलं. छपराखाली दोन्ही बाजूंना झरोक्यांची ओळ होती. लहानपणी आम्ही त्यातून पडणारे उजेडाचे तुकडे पायाने पकडायचो. आता तिथे फळ्या होत्या, वरून छान रंग दिलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. कमिटीने सांगितलं. कबुतरं गीतांच्या पुस्तकांवर घाण करायची, मेणबत्त्या विझायच्या."

म्हणजे बांधणाऱ्यांनी माणसांच्या श्वासासाठी जी वाट ठेवली होती ती कबुतरांच्या नावाने बंद झाली. "काढ त्या," मी म्हटलं.

दादाने नजर चुकवली. "राहू दे. लोकांची श्रद्धा आहे."

"आणि तुझी बायको?"

तो फळ्यांकडे न बघता दाराकडे चालू लागला. कमिटीला घाबरतो, असं मला वाटलं.

मिस्साच्या उपासनेसाठी महिन्यातून एकदा येणारे फादर नेमके त्या दिवशी आले होते. त्यांच्यापुढे सगळं मांडलं. ते म्हणाले, "माता रडत असेल तर वाऱ्याने थांबणार नाही. थांबली, तर ती रडत नव्हती. करा."

संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी, तीच गाणी, तोच उकाडा. मी मूर्तीच्या पायाशी एक स्टीलचं पातेलं ठेवलं, त्यात बर्फाचं पाणी. मूर्तीचा गाल ओला झाला, तसं पातेलंही बाहेरून ओलं झालं, मग त्याच्यावरूनही थेंब ओघळू लागले.

"ब्रदर," मी विचारलं, "पातेलं कुणाच्या पापासाठी रडतंय?"

"विटंबना आहे ही," ते गरजले. "बाईला बाहेर काढा."

"थांबा," फादर म्हणाले. "बोलू द्या त्यांना."

"हे आपल्याच श्वासाचं पाणी आहे," मी लोकांकडे वळले. "श्वासाचं आणि मेणबत्त्यांचं. गार वस्तूवर वाफ बसते, तिचे थेंब होतात. म्हणून यांना गर्दी लागते, मेणबत्त्या लागतात आणि दार बंद लागतं. दादा, काढ फळ्या."

दादा शिडीवर चढला. एकेक फळी निघाली, दार उघडलं, गार कोरडी हवा आत घुसली. लोक शाली आवळून बघत राहिले. थोड्या वेळाने फादरांनी रुमालाने मूर्तीचा गाल पुसला. आम्ही वाट पाहिली. गाल पुन्हा ओला झाला नाही.

मला वाटलं होतं, वहिनीला हायसं वाटेल. ती मात्र जागेवरच बसून राहिली. "म्हणजे ती माझ्यासाठी रडतच नव्हती," ती म्हणाली. "मग ताई, मला क्षमा कोण करणार?"

उत्तर शिडीवरून आलं.

"मी घरी होतो त्या दिवशी," दादा म्हणाला. त्याच्या हातात अजून फळी होती. "शेडमधून लवकर आलो होतो. मॅच लागली होती. आईने हाक मारली, मी म्हटलं, येतो. तिने परत हाक मारली नाही. मॅच संपली, मग उठलो, तोवर ती गेली होती. नुकताच शेडमधून आलो, असं सगळ्यांना सांगितलं."

ब्रदर तेवढ्यात दानाची टोपली घेऊन बाजूच्या दाराने सटकले, ते आमच्या नंतर लक्षात आलं.

वहिनीने दादाकडे बघितलं, कितीतरी वेळ. मग मला म्हणाली, "सुई आणलीस का?" आणली होती. वेदीमागच्या खोलीत तिने स्वतः टोचून घेतली आणि आम्ही तिला डॉक्टरबाईंकडे नेलं.

आता ती बरी आहे, शिवणयंत्रावर बसते. दादाशी कामापुरतं बोलते. मीही तिची माफी मागितली, तिने मान हलवली, त्याचा अर्थ विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुमच्या गावात उद्या कुठली मूर्ती रडली, हसली, घामाघूम झाली, तर आधी तिच्या मागची भिंत बघा, खिडक्या उघडा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला दार दाखवा. आणि कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाला तुमच्या चुकीची शिक्षा भोगायला लावली असेल, तर दगडाच्या पाया पडू नका. त्या माणसाकडे जा. दादा रोज जातो. सकाळी चहा करून तिच्या यंत्राशेजारी ठेवतो आणि उभा राहतो. परवा पहिल्यांदा तिने तो गार व्हायच्या आत प्यायला.