परातीचा आवाज

“थांब, आता ही बाई खोटं बोलणार बघ,” हे म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे आणखी वाकले.

मी चहाचा कप घेऊन शेजारी उभी होते. कप डाव्या हातात होता. ते काही यांना दिसलं नाही.

पडद्यावर पत्त्यांचा डाव चालला होता. पोकर. दोन पानं आपल्या हातात झाकलेली, बाकीची टेबलावर उघडी. आणि हातात काही नसलं तरी भारी पान असल्याचा आव आणून समोरच्याला पळवून लावायचं. डावावर लावायचे बिल्ले नुसते दाखवायचे, खऱ्या पैशांचा संबंध नव्हता. पलीकडे कुठल्याशा देशातली डेझी नावाची बाई. तिला चेहरा नाही, आवाज नाही. नावापुढे मांजराचं चित्र, तेवढंच.

“तोंड दिसत न्हाय, मग कळतं कसं वो तुमास्नी?”

“अगं, ती कवा थांबती आन् कवा थांबत न्हाय, ते बघायचं. पानं चांगली असली की इचार करती. काय नसलं की फटाफट बिल्लं सारती.” यांनी बटण दाबलं. पानं उघडली. डेझीकडे खरंच काही नव्हतं. “घावली!” म्हणून यांनी मांडीवर थाप मारली.

यांचा जन्म मुरगूडच्या एसटीवर कंडक्टर म्हणून गेला. भरल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस हे पाठीवरून ओळखायचे. “पावणं, खिडकीतनं काय बघतायसा? तिकीट बघू,” असं म्हणायचे, आणि पावणं खिसे चाचपायला लागायचे. निवृत्त झाल्यावर ती नजर रिकामी पडली होती. दोन हजार सातला आमचा बसवेश नोकरीसाठी पुण्याला गेला, जाताना जुना कॉम्प्युटर इथं आमच्या घरी ठेवून गेला, आणि त्या नजरेला डेझी सापडली.

“आज डेझीचं चित्त थाऱ्यावर न्हाय,” हे जेवताना सांगायचे. एकदा ती आठवडाभर आली नाही, तर यांना भात गोड लागेना. “आजारी असंल काय गं?”

“मला काय ठावं? मांजराला इचारा,” मी म्हटलं. वीज जावी म्हणून मी रोज बसवेश्वराला हात जोडत होते, तेही एकाच हाताने.

कारण माझं उजवं मनगट कधीच धरलं होतं. पीठ मळता येत नव्हतं, मग भाकरी थापणं कुठलं? शेजारची बनाबाई तिच्या चुलीवर आमच्याही भाकरी करायची आणि परसातल्या भिंतीवरून फडक्यात बांधून द्यायची. बाहेरच्या खोलीत यांना संशय येऊ नये म्हणून मी रिकामी परात पालथी घालून डाव्या तळव्याने थापत बसायची. थप थप थप थप.

“आक्का, किती दिस लपवणार?” बनाबाई म्हणाली. “सांगून टाक की कंडक्टरास्नी.”

“न्हाय सांगायचं. त्या मांजराच्या बाईचं वळखत्यात न्हवं? माझं बी वळखू देत.”

आणि दुसरंही होतं. माझ्या सासूबाईंच्या हातची भाकरी बंद झाली, त्या दिवसापासून त्यांचं बाजलं दाराशी गेलं. आमटीत मीठ किती, एवढंसुद्धा त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही. मला दाराशी जायचं नव्हतं.

एक दिवस न राहवून मी विचारलं, “आन् मी खोटं बोलले तर कळंल का वो तुमास्नी?”

यांची नजर पडद्यावरून हलली नाही. “तू? तुला कुठलं जमतंय खोटं!” आणि लगेच, “आली बघ डेझी.”

मी आत गेले. बनाबाईच्या भाकरी कोपऱ्यात झाकून ठेवल्या होत्या. परात पालथी केली आणि असा राग काढला तिच्यावर, की तळवा लाल झाला. थप थप थप थप थप.

“रत्नव्वा!” बाहेरून हाक आली.

“काय?”

“जरा थांबत थाप की गं. भाकरी तव्यावर टाकाय थांबाय नको व्हय?”

माझा हात परातीवर तसाच राहिला. किती महिने ऐकत होते हे? उठून आत येतील, परात उचलून बघतील, म्हणून मी दाराकडे बघत राहिले. हे आले नाहीत. बाहेर पत्ते वाटल्याचा बारीक आवाज झाला.

थोड्या वेळाने मी पुन्हा थापायला लागले. थापलं, थांबले. मनातल्या मनात भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग दुसरी घेतली.

जेवायला बसल्यावर यांनी भाकरी मोडली. “आमटीत मीठ आज जरा कमी वाटतंय का गं? तू बघ बरं.”

मी बोट बुडवून चाखलं. मीठ बरोबर होतं.

“व्हय, चिमटीभर कमी हाय,” मी म्हणाले. यांनी मिठाची वाटी माझ्या डाव्या हाताशी सरकवली.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर बसवेश घेऊन गेला. भाकरी अजून बनाबाईकडूनच येतात, आता तिची सून करते. बाहेरच्या खोलीत कुणी नसतं. तरी जेवणाच्या आधी मी परात पालथी घालते आणि थापते. थांबते. पुन्हा थापते.