उलटी उडी

पहिलं वर्ष. शाळेचं व्यायामगृह, भाड्याची टेबलं, सात स्टॉल. भर दुपारी फ्यूज उडाला. मेळा अंधारात बुडाला, पण एकही माणूस घरी गेला नाही.

"खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी गेले होते. माझं डोकं चढलं होतं."

व्हिडिओ गेमच्या या वार्षिक मेळ्याला वीस वर्षं झाली म्हणून आयोजकांनी मोठ्या सभागृहाकडे जाणाऱ्या मार्गिकेत त्याचा इतिहास मांडला होता. माणसाच्या उंचीच्या पाट्या, प्रत्येकीवर एक दिवा. सासूबाई एकेक पाटी मोठ्याने वाचत आणि दुरुस्त करत चालल्या होत्या. सून त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली धरून मागे.

तिसरं वर्ष. मेळा कापडाच्या जुन्या गोदामात हलला. छप्पर गळत असल्याने यंत्रांना प्लास्टिक पांघरून खेळावं लागलं. प्रेक्षक दुप्पट.

चौथी आणि पाचवी पाटी तिने "आई, उशीर होतोय" म्हणत चुकवली. सहाव्या पाटीपुढून मात्र सासूबाईंना कुणाच्या बापाला हलवता आलं नसतं. तिथे त्यांचा मुलगा होता. चौदा वर्षांनी तरुण, तोंड उघडं, कंट्रोलर डोक्यावर उंचावलेला, मागे काळा पडदा.

सहावं वर्ष. मेळ्याच्या मंचावर उस्तादांनी ती अजरामर उलटी उडी मारली. मेळ्याचा इतिहास तेव्हापासून उडीआधीचा आणि उडीनंतरचा असा सांगितला जातो.

"हा माझा मुलगा," सासूबाईंनी शेजारून चाललेल्या एका अनोळखी तरुणाला थांबवून सांगितलं. तो इतका हरखला की त्याने पाटीपुढे त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

फोटो सुनेने काढला.

पाटीवर नसलेलं सहावं वर्ष:

गेम त्याचा आणि तिचा, दोघांचा होता, असं ते सांगत. छपरं, वारा, उड्या, पडणं हे सगळं तिने लिहिलं होतं. लोकांपुढे बोलणं त्याचं. मेळा आला तेव्हा गेम अर्धाच झाला होता. छपरांवरून जाणारी एकच वाट चालत होती. जरा इकडेतिकडे झालं की स्क्रीन गोठायची. ती वाट तिच्या बोटांना पाठ होती, त्याच्या नव्हती. म्हणून ठरलं की मंचावर तो कंट्रोलर घेऊन उभा राहील. त्या कंट्रोलरची वायर टेबलाखाली जाऊन नुसतीच पडलेली असेल. खरा कंट्रोलर घेऊन ती पडद्यामागे, बाटल्यांच्या क्रेटवर बसेल.

शेवटच्या छपरावर गेम अडकणार हे तिला आधीच दिसलं. पुढे वाट नव्हती. तिने मागे उडी मारली. वाऱ्याने गेममधल्या माणसाला उचललं आणि थेट घड्याळाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवलं. असं होईल हे तिलाही माहीत नव्हतं. बाहेर सगळे उठून उभे राहिले म्हणे. तिला फक्त आवाज आला.

पुढच्या वर्षी सांगून टाकू, असं दोघांनी ठरवलं. पुढच्या वर्षी तो उस्ताद झाला होता.

सातवं ते एकोणिसावं: सांगण्यासारखं काही नाही.

सासूबाईंना दुसऱ्या रांगेत बसवेपर्यंत तिच्या फोनवर त्याचा निरोप आला होता. लगेच मागे ये.

तो आरशापुढच्या दिव्यांत बसला होता, अर्ध्या चेहऱ्याला पावडर लावलेली.

"आयोजकांनी जुनं मशीन आणलंय. कुठून पैदा केलं देव जाणे. तीच लेव्हल. म्हणे सरप्राईज. मला मंचावर खेळायचंय, आत्ता."

"मग खेळ."

"चेष्टा करू नकोस."

"इतक्या वर्षांत एकदा तरी शिकायचं होतंस. आपलं मशीन माळ्यावरच होतं."

"विचारलं असतं तर शिकवलं असतंस?"

नसतं शिकवलं. हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि ती आरशातून बाजूला झाली.

"पडद्यामागून तू जर..."

"कुठला पडदा? बाहेर जाऊन बघ. चारी बाजूंनी माणसं बसलीत. तुझ्या नाकातला केससुद्धा मोठ्या स्क्रीनवर दिसणार आहे."

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "आणि तू आईला घेऊन आलीस."

"तूच म्हणालास, आण."

मंच.

तो पहिल्या छपरावरून पडला. लोक हसले, प्रेमाने.

पुन्हा पहिल्याच छपरावरून. "उस्ताद, चष्मा लावा!" वरच्या रांगांमधून कुणीतरी ओरडलं.

पुन्हा. आता हसणारे कमी झाले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

दुसऱ्या रांगेत तिचे अंगठे मांडीवर आपोआप हलत होते, आणि ती मनात म्हणत होती: पड. अजून एकदा पड. तो पडला की तिला आत कुठेतरी गोड वाटत होतं. शेजारी सासूबाई रुमालाचा बोळा करत होत्या.

"काय झालंय गं त्याला? सकाळी नीट खाल्लं होतं ना?"

"हो, आई."

"तू लक्ष देत नाहीस त्याच्याकडे."

तिने मान खाली घातली. नवऱ्याचं पडणं ती चवीने बघत होती आणि सासूबाई तिला नाश्त्याचा जाब विचारत होत्या. तिला स्वतःचा चेहरा कुठेतरी काढून ठेवावासा वाटला.

"मनगट साथ देत नाहीये," तो माइकवर म्हणाला. "तुमच्यापैकी कुणीतरी या."

हातांचं रान उठलं. त्याने त्यातल्या एकाकडेही पाहिलं नाही.

"त्या. दुसऱ्या रांगेतल्या. निळा स्वेटर."

त्या. घरी तो तिला अगं म्हणतो.

"जा ना, बोलावतोय तो," सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

कंट्रोलर त्याच्या घामाने ओला होता. तिने तो स्वेटरला पुसला. मग पहिलं छप्पर, दुसरं, धुराड्यामागून वळसा, कठड्यावर थांबायचं, वारा पडू द्यायचा. बोटांना सगळं आठवत होतं. शेवटच्या छपरावर तिने मागे उडी मारली.

या वेळी आवाजाबरोबर माणसंही दिसली. उभी राहिलेली, तोंड उघडं टाकलेली, एकमेकांच्या खांद्याला धरून नाचणारी. ती इतकी सुंदर दिसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काकू!" निवेदिका धावत आली. "कमाल केलीत! खरं सांगा, याआधी खेळला होतात, की पहिल्यांदाच?"

माइक तिच्या ओठांना टेकला. चौदा वर्षं भांडी विसळताना, इस्त्री करताना, त्याच्या मुलाखती ऐकताना घोटून ठेवलेलं एक वाक्य तिच्याकडे होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गयावया करत असेल असं तिला वाटलं होतं. तो तसं काहीच करत नव्हता. हात सोडून सरळ उभा होता, डोळे तिच्यावर, डॉक्टरांनी रिपोर्ट उघडावा आणि पेशंटने ऐकायला तयार व्हावं तसा.

"पहिल्यांदाच," ती म्हणाली.

"उस्तादांच्या नुसत्या शेजारी उभं राहिलं तरी काकू उडतात!" निवेदिका ओरडली, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्याच्यासाठी.

मंचामागच्या जिन्यात त्याने तिला गाठलं.

"मी तुला का बोलावलं, कळलं नाही तुला?"

"मनगट."

"मनगटाला काय धाड भरलीय. माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून. वाटलं, तुझे हात बघून लोकांना कळेल. नाहीतर तू तरी सांगशील."

"म्हणजे तुझं हेही काम मीच करायचं."

"हो." तो पायरीवर बसला. "लाज वाटते, पण हो. मोकळं व्हायचं होतं मला. आईसमोरच. एकदाचं."

वर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. आत्ता तिने एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं की घाबरले, माइक समोर आला आणि सुचलं नाही. त्याने विश्वास ठेवला असता. उलट तिचीच समजूत घातली असती.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुला मोकळं व्हायचंय हे. तुझ्या तोंडावर दिसत होतं. म्हणूनच नाही सांगितलं."

तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला. त्याने ओरडावं, निदान एक शिवी तरी हासडावी, असं तिला वाटत होतं. तो पायरीवर थोडा सरकला आणि तिच्यासाठी जागा केली.

तिला बसवेना.

"इथे आहात होय!" सासूबाई धापा टाकत जिना उतरत आल्या. "सगळे शोधतायत तुम्हाला. आणि तू गं, बरं जमलं हो तुला. त्याचं बघून बघून आलं असणार." मग त्या थांबल्या. "काय झालं? भांडलात?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.