अकरा दिवसांचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनं हजेरी-यंत्र आहे. इन्सुलीच्या एका काजू कारखान्याच्या दारात मी नऊ वर्षं लटकत काढली. अंगठा जुळला की हिरवा दिवा, नाही तर लाल. एवढीच माझी अक्कल. तरी मालक दत्तप्रसादशेठ पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे सगळं यंत्रावर!" मी आतून फुगत असे.

काजू फोडणाऱ्या सनोबरचा अंगठा मात्र मला बरेचदा सापडत नसे. टरफलातल्या तेलानं बोटांची सालं निघत, रेषाच उरत नसत. मग ऑफिसातली तेजस्वी वहीत हातानं हजेरी लिही. नऊ वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

यंदा सनोबरनं राजीनामा दिला. शेठ म्हणाले, "नोटिशीचा महिना पुरा करा, मग त्याचा पगार. पद्धत आहे." ही पद्धत मी त्याच दिवशी प्रथम ऐकली. दुसऱ्या दिवशी शेठनी तेजस्वीची वही कपाटात ठेवली.

तेव्हापासून मला चैन नाही. सनोबर आली की मी जीव तोडून रेषा शोधी. लाल. पुन्हा लाल. काही दिवशी कसाबसा हिरवा लागे, बाकी दिवशी लालच.

महिनाअखेरीस शेठ म्हणाले, "अकरा दिवस गैरहजर. नोटीस अपुरी. पगार मिळणार नाही."

त्या पगारातून मुलीची, इफ्राची, नर्सिंगची फी भरायची होती. शनिवारी मुदत संपत होती.

सनोबरनं माझ्याकडे बोट दाखवलं. "शेटानू, ह्येच्यात नाय म्हटल्याचो टायम पण येता मा? काढा बघूया."

तेजस्वीनं मान खाली घालून यादी काढली. ८.५६, नाकारलं. ८.५७, नाकारलं. अकराही दिवस, सकाळ-संध्याकाळ.

सनोबर म्हणाली, "घराकडे ऱ्हवान हंय अंगठो लावूक मी काय जिन्न आसंय?"

काजू फोडण्याच्या बाकांवरून बायकांचं हसू उसळलं. शेठनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग तिजोरीकडे. पगार तिथल्या तिथे निघाला.

शिक्षा मला झाली. "यंत्र बिघडलंय," असं म्हणून मला टरफलांच्या पोत्यांमागे टाकलं. दारात आता चेहरा ओळखणारं यंत्र आहे. परवा बाकावरच्या विनीतानं राजीनामा दिला, आणि ज्याच्या उजेडात त्या यंत्राला चेहरे दिसतात तो वरचा बल्ब काल कुणीतरी काढून नेला.

मित्रांनो, यंत्राची काच जरूर पुसत जा. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला ओळखण्याचं काम तेवढं स्वतः करा.