मला झोपवणारी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. एका रंगाऱ्याच्या रक्तात राहते. डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान, पण तोंड मात्र मोठं!

आमचा हा धनी लहान असताना त्याच्या कातडीवर एक विषाणू राहायला आला. तो बहुतेकांच्या कातडीवर असतो आणि गपगुमान पडून राहतो. त्याने डोकं वर काढलं की हाणायचं, एवढं एकच काम मला येतं. चाळीस वर्षं मी ते चोख केलं. शाबासकी कुणी दिली नाही. राखणदाराला कोण विचारतं?

मग धन्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. थोरल्या बहिणीने, ताईने, आपली एक काढून दिली. आम्हा पेशींना आपलं-परकं फार! माझ्या भाऊबंदांनी त्या किडनीचा फडशा पाडला असता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला झोपवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. धन्याने एकही चुकवली नाही. मीही पेंगत राहिले.

त्या पेंगण्यानेच घात केला. धनी दिवसभर उन्हात इमारतींच्या भिंती रंगवायचा. भाजलेल्या मानेवरच्या एका पेशीत तो विषाणू घुसला आणि ती पेशी बहकली. जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून धनी म्हणाला, "किडाबिडा चावला असेल." दोन महिन्यांत वाटाण्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली. तपासणीत कॅन्सर निघाला.

गाठ कापली, तरी शेजारी दुसरी उगवली. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या निम्म्या करू. तुमच्या पेशी जाग्या झाल्या तर गाठीशी लढतील. पण किडनीला धोका आहे. हमी कशाचीच नाही."

धन्याने मान डोलावली आणि घरी येऊन पूर्वीइतक्याच गोळ्या घेत राहिला. मला ओळखीचा चोर समोर दिसत होता आणि हात उचलवत नव्हता. असा संताप मला जन्मात आला नव्हता.

महिन्याने ताईने गोळ्यांची डबी उघडली. "अरे, निम्म्या उरायला हव्यात ना? डबी रिकामी कशी?"

"ताई, तू पोट चिरून घेतलंस. ती किडनी मी वाया घालवू?"

"शहाणाच आहेस! मी भावासाठी किडनी दिली. भावाला मारून किडनी सांभाळायला नाही दिली!" ताई ओरडली आणि मग रडायलाच लागली.

त्या दिवसापासून गोळ्या खरंच निम्म्या झाल्या. मी जागी झाले, माझ्यासारख्या हजारो जणी उभ्या केल्या आणि गाठीत घुसले. मानेवरची गाठ आता ओसरते आहे. पण वाया गेलेल्या महिन्यात ती गळ्याखालीही पसरली होती. तिथलीही मला संपवता येईल का, ठाऊक नाही. आणि माझे भाऊबंदही जागे झाले. त्यांना मी आवरू शकले नाही. ताईची किडनी गेली.

मित्रांनो, न दुखणारी गाठसुद्धा वेळेवर दाखवा. आणि प्रेमापोटीही डॉक्टरांपासून काही लपवू नका. आम्ही आतून लढू, पण आम्हाला वेळ तरी द्या.

आता आठवड्यातून तीनदा धनी रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला लावलेला असतो. ताई शेजारी बसते. काल तो म्हणाला, "तुझी किडनी मला सांभाळता आली नाही गं."

ताईने त्याचं पांघरूण नीट केलं. "मग मी इथे कुणाला भेटायला येते रे? किडनीला?"