पडद्याच्या पुढची अक्का

साल एकोणीसशे अडुसष्ट. तेव्हा मी आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायचे. तोंडात कायम टाचण्या, म्हणून अक्कांनी माझं नाव ‘सुई’ ठेवलं होतं. कंपनी सोडून आता किती वर्षं झाली, पण कुठे नवं कापड उलगडलं की त्याच्या वासाबरोबर ती रंगपटाची खोली आजही जशीच्या तशी समोर उभी राहते: एकच मोठा आरसा आणि त्याच्यासमोर एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोन बायका.

अक्का म्हणजे कंपनीचे मालक दादा, त्यांची थोरली बहीण. कंपनी दादांच्या नावावर असली तरी ती उभी राहिली अक्कांच्या आवाजावर. वहिनी दादांची बायको. वयाने लहान, दिसायला देखणी आणि पाठांतराला पक्की. नणंद-भावजयीत विस्तव जात नव्हता. आरशाच्या मधोमध वहिनींनी खडूने रेघ मारली होती. अक्का रोज आपली पावडरची डबी मुद्दाम त्या रेघेवर ठेवायच्या.

“वन्सं, तुमची डबी माझ्या बाजूला आली.”

“डबी जुनी आहे, वहिनीसाहेब. रेघ नवीन आहे.”

आमच्या कंपनीची एक जुनी रीत होती. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कधी बोलायचं नाही. पहिल्या प्रयोगाआधी ते बोललं तर नाटक तालमीतच संपतं, असं दादांचे वडील म्हणायचे. लिहिलेल्या प्रतीतही ती जागा कोरी असायची. ते वाक्य दादा फक्त बोलणाऱ्याच्या कानात सांगायचे. आणि ते ज्याच्या वाट्याला येई, तो कंपनीचा पहिला नट. पुढच्या नाटकातली मोठी भूमिका त्याचीच. आजवर ते वाक्य अक्कांचं होतं. यंदा ते गेलं, तर अक्का पुढे काय करणार हे सगळ्यांना दिसत होतं. दार उघडणारी म्हातारी नाहीतर भिंतीला टेकून खोकणारी आत्या.

नव्या नाटकात घरधन्याची वाट पाहणाऱ्या दोन बायका होत्या. शेवटी दारावर थाप पडते. तालमीत थाप पडली की दादा टाळी वाजवायचे, “बास, पुढचं त्या दिवशी,” आणि सगळे चहाला पळायचे. त्या थापेनंतर कोण कुठे उभं राहतं, कोण काय बोलतं, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी मी अक्कांच्या पोशाखाची कंबर आवळत होते. त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या, “या घरात आता कोणी राहत नाही.” वाक्य नाटकात कुठेच नव्हतं. म्हणजे तेच! मला इतका आनंद झाला की टाचणी माझ्याच बोटात गेली.

“सुई, ऐकलंस का काही?”

“नाही, अक्का.”

“शहाणी आहेस. दादाने सांगितलंय, रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या दिव्यांपर्यंत चालत यायचं आणि लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं. बघू दे वहिनीसाहेबांना मागून माझी पाठ.”

मग मी वहिनींची बटणं लावायला गेले. त्या आरशात बघून ओठ हलवत होत्या. या घरात आता कोणी राहत नाही. तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. मला पाहून त्या हसल्या. “मागे दाराशी उभं राहून बोलायचंय. हळू, अगदी हळू. वन्सं आज तोंड पाडून लवकर झोपतील बघ.”

मी तशीच जाऊन दादांना गाठलं. ते दिव्यांची दिशा बघत होते.

“दादा, दोघींना एकच वाक्य दिलंय तुम्ही.”

त्यांचा चेहरा उतरला. दादा उभा जन्म दोन दगडांवर पाय ठेवूनच चालले. बहिणीला रडवायचं नाही, बायकोला रुसवायचं नाही, आणि बोलायचं तर कोणाशीच नाही.

“बोलतो मी दोघींशी,” ते म्हणाले. “तू जा. आणि ती शाल इस्त्री कर.”

शाल इस्त्री झाली. दादा बोलले नाहीत.

प्रयोग असा रंगला की विंगेत उभी असलेली मी टाचण्या विसरले. त्या दोघींचा एकमेकींवरचा राग खरा होता, म्हणून प्रत्येक वाक्य चटका देत होतं. मग दारावर थाप पडली.

अक्का उठल्या आणि सावकाश पुढे निघाल्या. त्याच क्षणी वहिनी मागे दाराकडे वळल्या. दोघींची पाठ एकमेकींकडे. अक्का दिव्यांपाशी पोचतात न पोचतात, तोच मागून वहिनींचा आवाज आला, “या घरात आता कोणी राहत नाही.”

पडदेवाल्याला दादांचा एवढाच हुकूम होता, थापेनंतर एकच वाक्य, शेवटचं, आणि पडदा. त्याने दोर सोडला. जड लाल पडदा धाडकन खाली आला. वहिनी आत, आणि अक्का बाहेर, लोकांसमोर एकट्या.

वहिनी गालात हसत होत्या. मग पडद्याच्या पलीकडून अक्कांचा आवाज आला. मोठा नाही, चढा नाही.

“या घरात आता कोणी राहत नाही.”

त्यावर असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पडदा थरथरला.

“उघड! पडदा उघड!” वहिनी ओरडल्या.

“वहिनी, शेवटच्या वाक्याला पाडायचा म्हणाले होते,” पडदेवाला कावराबावरा झाला. “आता यातलं शेवटचं कुठलं, ते दादांना विचारा.”

दादा मात्र विंगेत खाली बघत उभे होते.

पडदा उघडला तेव्हा अक्का पुढच्या पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत होत्या. पोशाखासकट, रंगासकट. लोक उभे राहून वाट देत होते. त्यांना वाटलं, नाटकच असं आहे. दादांनी हाक मारली, “अक्का!” त्यांनी मागे पाहिलं नाही.

चार दिवसांनी पोशाख परत आला, धुऊन, घडी घालून. माझ्या टाचण्या कॉलरला एका ओळीत टोचलेल्या होत्या.

पुढे लोक शेवट बघायला आले आणि निराश होऊन गेले. वहिनी ते वाक्य दाराशी बोलायच्या, दिव्यांपाशी बोलून पाहिलं, एकदा पायऱ्याही उतरल्या. टाळ्या पडायच्या, पण खुर्चीतून उठून वाट कोणी दिली नाही. दोन वर्षांत कंपनी बंद झाली. वहिनी मुलीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या, शेवटपर्यंत म्हणत, “वाक्य माझंच होतं.” आणि ते खरंही होतं. दादांनी परत नाटक केलं नाही. पडदेवाल्याने एका शाळेत घंटा वाजवायची नोकरी धरली.

अक्का दुसऱ्या गावी मुलींना आवाज कसा लावावा ते शिकवत राहिल्या. दादा एकदा त्यांच्या दारी गेले होते. थाप मारली. आतून उत्तर आलं ते तेच वाक्य, आणि दादा तसेच परत फिरले. हे मला दादांनीच सांगितलं. सांगताना ते हसले, पण डोळे पुसून.