टरफलांचे मणी

निळा होता. बदकांच्या टोपल्यात, ओल्या कोंड्याला चिकटलेला, वाटाण्याएवढा मणी. विनार्सिहनं तो चिमटीत धरला, आणि आधी मनात आलं ते इतकंच, की रंग छान धरलाय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा असाच रंग चढला तेव्हा ती नाचली होती... कोळंबीच्या टरफलांपासून केलेले पांढरे मणी, गल्लीतल्या मुलामा देण्याच्या कारखान्यांचं पाणी त्यांच्यातून सोडायचं, आणि पाण्यातलं तांबं, निकेल, शिसं मणी पिऊन घेतात. तांब्यानं ते निळे होतात. शिसं दिसत नाही.

मग हा इथे कसा?

"इबू," तिनं सासूला हाक मारली, "बदकांना काय घातलंत?"

"तुझेच मणी." सासू बदकांची अंडी खारवायला त्यांना विटेची पूड आणि मीठ थापत होती, तिनं मान वर केली नाही. "मागे पोती पडलीत, शहरातली गाडी काही न्यायला येत नाही. कोळंबीची टरफलं आजवर आपण कुणाला घालत आलो? बदकांनाच ना? अंड्याचं कवच जाड येतं."

"हे वापरलेले आहेत, इबू."

"मग? मशिदीपुढं सगळ्या गल्लीला तूच सांगितलंस, मातीत विरघळतं, कुणाला अपाय नाही. मोठी शिकलेली!"

सांगितलं होतं. गल्लीत वाटलेल्या पत्रकावर हसरी कोळंबीही मीच काढली होती. मणी विरघळतो, त्यानं प्यायलेलं विरघळत नाही — हे एक वाक्य लिहायचं राहिलं, कारण... कारण ते लिहिलं असतं तर कारखानेवाल्यांनी विचारलं असतं, मग हे ठेवायचं कुठं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"कधीपासून घालताय?"

"रोजे सुरू व्हायच्या आधीपासून. का ग?"

म्हणजे चार महिने. चार महिन्यांची अंडी, शिशासकट... आणि इथं तिच्या मनानं जे केलं ते इतकं चपळ होतं, की तिला ते झाल्यावरच दिसलं — सेकार अंडं खात नाही. दीड वर्षाची सेकार, अंडं ओठाला लागलं तरी अंगभर पुरळ उठणारी, जिच्यापायी या घरात रोज ऐकून घ्यावं लागे. माझी पोरगी वाचली. मग, बऱ्याच वेळानं, अंगणापलीकडच्या घरातला गिलांग आठवला. नणंदेचा. तीन वर्षांचा, रोज दोन अंडी. हल्ली पोट धरून रडायचा; जंत असतील म्हणून सगळे हसले होते, तीही.

दुपारी नणंद तुर्सिनी जेवायलाच आली, गिलांगला कडेवर घेऊन.

"अजून काडीच का ग ही?" तुर्सिनीनं सेकारचा दंड दोन बोटांत धरला. "वारा सुटला की दोरी बांधत जा. आमचा बघ, टायर झालाय नुसता."

"अंगकाठी एकेकाची, म्बाक," विनार्सिह मोठ्या नणंदेला म्हणाली.

आत्ता सांगायचं. एवढं एकच वाक्य, म्बाक, ते अंडं देऊ नको... तुर्सिनीनं अंडं चिरलं. आतला बलक तेल सुटलेला, लालसर. चमच्याच्या टोकावर थोडासा घेऊन तिनं तो सेकारपुढं नेला — "चाटू दे ग, काही होत नाही, आईच भित्री" — आणि सेकारनं आ केला. विनार्सिहचा हात असा सुटला, की चमचा भिंतीवर जाऊन आपटला.

"अग बाई! विष घालतेय का मी?"

"पुरळ उठतं तिला," ती म्हणाली. आवाज सरळ आला.

सासू हसली. तुर्सिनीही. गिलांगनं अर्धं अंडं तोंडात कोंबलं आणि बोटं चाटत मामीकडे बघून डोळे मिचकावले.

उद्या सांगेन. नाही, आजच, भांडी झाली की. आधी पोती हलवायची, मग त्याचं रक्त तपासायचं, जंतांच्या निमित्तानं, कुणाला न कळता... पण गेलं दीड वर्ष, दर घासाला, दर खोकल्याला छातीत जे आवळून यायचं, ते आता शोधूनही सापडत नव्हतं. तिनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. गिलांग "अजून" म्हणत होता, अंड्यांचा वाडगा तिच्याच पुढ्यात होता, आणि मांडीवर सेकार भात चिवडत बसली होती — दंडाची हाडं लागणारी, पाखराएवढी, आणि आज पहिल्यांदाच कुणाहूनही कमी नसलेली.