मौनाच्या वेळी

“जप संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, घर पेटलं तरी!” सासूबाईंनी घालून दिलेला हा नेम मी आजवर मोडला नव्हता. सूनबाईला ते पक्कं ठाऊक. म्हणूनच नातीचे व्हिडिओ ती नेमके माझ्या जपाच्या वेळी काढायची. सात वर्षांच्या चिमणीच्या नावाने तिने सोशल मीडियावर खातंच उघडून दिलं होतं.

आज सकाळी चिमणीचा हलणारा दात पडला. रक्त बघून लेकरू भेदरलं, रडायला लागलं. सूनबाईने तिचं तोंड पुसायचं सोडून मोबाईलची काच पुसली. “थांब गं, चेहऱ्यावर अंधार आला. खिडकीपाशी ये आणि पुन्हा रड बघू.”

“मम्मी, नको ना! वर्गात सगळे मला रडूबाई म्हणतात.”

“म्हणू देत. लोकांना आवडतं.”

माझ्या हातातली माळ थांबली. “पुरे!” मी ओरडले तशा दोघी दचकल्या. “पोर आहे ती, कळसूत्री बाहुली नाही!”

“अहो आई, तुमचं मौन मोडलं की!” सूनबाई हसली.

“चुलीत गेलं मौन! गप्प बसून हे बघत राहिले, तेच पाप मोठं. बंद कर ते खातं.”

“पासवर्ड तुमच्या लेकाकडे आहे. त्यालाच सांगा.”

चिमणीने माझा हात घट्ट धरला. “आजी, माझं रडणं कुणाला दिसणार नाही ना?”

“नाही दिसणार. शब्द देते.”

मी माळ डबीत ठेवली, चपला घातल्या आणि लेकाच्या दुकानाची वाट धरली.